चिनी काकूंची सरळ तलवार

माझं लग्न होऊन मी परभणीत आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. कोर्टातली भाषा मात्र अजून पुरती ठरली नव्हती. आमचे हे तिथं कारकून. शिक्षण उर्दूत झालेलं, घरी मराठी, आणि नव्या साहेबांसाठी इंग्रजी शिकायला लागलेले. त्यामुळं घरी आले की कुठल्याच भाषेत फारसं बोलायचे नाहीत. घरात माणसं तीनच: हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

आमच्या अंगणाची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती. छातीएवढी उंच, मातीची. पलीकडं एक चिनी दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको राहायची. अशी चिनी माणसं तेव्हा हैद्राबाद-सिकंदराबादेत होती. दात काढायचे, कवळ्या बसवायच्या. हा डॉक्टर तिकडूनच आला होता. स्टेशनच्या रस्त्यावर त्याची एक खोली होती आणि दारावर कवळीचं भलंमोठं रंगीत चित्र. पण बसून धंदा होत नसे, म्हणून पत्र्याची पेटी घेऊन तो बाजार करत फिरायचा. गंगाखेडचा बाजार झाला की सोनपेठचा, कधी गाडीनं पूर्णेकडं. मागं त्याची बायको एकटीच असायची.

गल्लीत तिच्याबद्दल बरंच काही बोललं जाई. ती बेडूक खाते, ही त्यातली मुख्य गोष्ट. आत्याबाईंना अशी मोघम गोष्ट सहन व्हायची नाही. त्यांनी एक दिवस भिंतीवरून सरळ विचारलं, "बाई, तुमी बेडकं खाता म्हणं?"

ती बाई कपडे वाळत घालत होती. हातातला पिळा न सोडता ती दख्खनीत म्हणाली, "हौ आपा, पन यहां के मेंढकां भोत दुबले हैं."

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत आत आल्या. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "खरं बी बोलली न्हाई, खोटं बी बोलली न्हाई. पर बाई लय चांगली हाय." त्या दिवसापासून भिंतीवरून वाटीची देवघेव सुरू झाली. मी त्यांना काकू म्हणू लागले.

पहिल्याच उन्हाळ्यात मी माळवदावर मिरच्या वाळत घालायला गेले आणि उतरताना शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हात गळ्यात अडकवला. पुढं कामट्या सुटल्या, हाड जुळलं होतं, दुखणंही थांबलं. पण मनगट वळेना. दाराच्या बिजागरीला गंज चढावा तसं थोडं हलायचं आणि अडायचं.

ज्वारीची भाकरी करणाऱ्या बाईलाच कळेल हे किती मोठं संकट होतं. भाकरी म्हणजे सगळा मनगटाचा खेळ. एका हातानं थापत थापत ती परातीत फिरवायची, वाढवत न्यायची, मग अलगद उचलून तव्यावर सोडायची. माझी भाकरी उचलताना फाटायची. कडा जाड, मधे भगदाड. आत्याबाईंचे गुडघे धरलेले. चुलीपुढं बसलं की भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उठता यायचं नाही. तरी त्यांनी भाकरी आपल्याकडं घेतल्या. मला काही म्हणाल्या नाहीत. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवीतेवी एक नात्यातली बाई घरी येऊन बोलून गेलीच, "हात मोडकाच राहिला म्हणायचा पोरीचा."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. सकाळी लवकर उठून अंगणात गेले, भिंतीशी उभी राहिले, आणि मला पलीकडं काकू दिसल्या.

त्यांच्या हातात तलवार होती.

आपल्याकडं जत्रेत दांडपट्टा फिरवणारे मी पाहिले होते. पट्टा सुसाट फिरतो, आरोळ्या उठतात, धूळ उडते. इथं तसलं काहीच नव्हतं. काकूंची तलवार सरळ होती, दोन्ही बाजूंनी धार असावी अशी, मुठीला विटका लाल गोंडा. आणि ती इतक्या सावकाश चालली होती, की आधी मला वाटलं त्या थांबल्याच आहेत. एक पाय उचलायला त्यांना माझे दोन-तीन श्वास लागत. तलवारीचं टोक वर जाई, वळे, खाली येई, आणि त्याच्यामागून त्यांचं सगळं अंग जाई. डाव्या हाताची दोन बोटं जुळलेली, बाकीची दोन अंगठ्याखाली मुडपलेली. तो हात तलवारीच्या उलट बाजूला फिरत होता, तराजूचं दुसरं पारडं असावं तसा. मी पाहत होते ते त्यांचं मनगट. पाण्यात मासोळी वळावी तसं ते वळत होतं.

संपल्यावर त्यांनी मला पाहिलं. भिंतीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हाथ दिखाओ."

मी हात पुढं केला. त्यांनी मनगट दोन्ही बाजूंनी चाचपलं, वळवून पाहिलं, मी ओठ चावला तिथं थांबल्या. मग म्हणाल्या, "हड्डी ठीक है. हाथ डर गया, बस."

दुसऱ्या दिवसापासून मी पलीकडं जाऊ लागले. आत्याबाईंची परवानगी मिळायला अडचण पडली नाही. मी सांगितलं, काकू हाताचा व्यायाम शिकवणार आहेत. तलवारीचं मी बोलले नाही, कारण तलवार मिळाली नव्हतीच. बरेच दिवस काकूंनी मला नुसतं उभं केलं. गुडघे किंचित वाकवायचे, पाठ सरळ, आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा, एका घागरीतलं पाणी दुसरीत ओतावं तसा, पण एक थेंब न सांडता. मी जात्याच धांदरट. पाणी ओतायचं म्हटलं की मी घागरच उलटी करणार. काकू म्हणायच्या, "हल्लू. जल्दी कैकू? बस छूट रई क्या?"

मग त्यांनी एक बांबूची चपटी कामटी दिली, हातभर लांब. हीच तुझी तलवार म्हणाल्या. मनगट मोडलं तेव्हा ज्या कामट्यांनी हात बांधून ठेवला होता तशीच ही, फक्त आता ती मला फिरवायची होती. मी ती घट्ट धरली. काकू 'ढीला, ढीला' म्हणत राहिल्या. ढिली धरली की हातातून पडायची. आवळली की मनगट पुन्हा अडायचं. आठ-दहा दिवस हेच. शेवटी मला रडू यायच्या बेताला आलं.

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "अगं, जात्याचा खुंटा धरतीस की न्हाई?"

आत्याबाई होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"धरते," मी म्हणाले.

"कसा धरतीस? आवळून धरलास तर हाताला फोडं येत्यात. सोडलास तर जातं थांबतं. खुंट्यानं फिरायचं, हातानं नुसतं संगं जायचं. तसं धर."

मी तसं धरलं. कामटी हातात राहिली आणि मनगट फिरलं. पूर्ण नाही, पण जिथं अडायचं ती जागा ओलांडून गेलं. काकूंना 'खुंटा' शब्द कळला नसावा, पण काय घडलं ते कळलं. त्यांनी आत्याबाईंकडं पाहून मान लववली. आत्याबाईंनी विचारलं, "पर हे काय करायलीस म्हणं? लाटणं घेऊन नाचायलीस काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. काकूंनी घरातून कापडात गुंडाळलेली तलवार आणून त्यांना दाखवली. ती काकूंच्या वडिलांची. त्यांनीच मुलीला हे शिकवलं होतं. लग्न होऊन त्या जहाजानं कलकत्त्याला आल्या, तिथून हैद्राबादला, आणि सामानातल्या कितीतरी वस्तू वाटेत गेल्या, ही राहिली. आत्याबाईंनी तलवार हातात घेतली नाही, पण गोंड्याकडं पाहून म्हणाल्या, "ह्याचा रंग पार उडालाय." आणि आठवडा गेला नाही तोवर लाल लोकरीचा नवा गोंडा करून दिला, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बांधतात तसला भरगच्च. काकूंनी तो त्याच दिवशी बांधला.

तेव्हापासून आत्याबाई रोज सकाळी भिंतीशी पाट टाकून बसू लागल्या. हातात वाती नाहीतर निवडायची डाळ. प्रत्येक हालचालीला नाव होतं आणि काकू ते दख्खनीत सांगायच्या. पाण्याला टिपून जाणारा चतुर किडा. मधाच्या पोळ्यात शिरणारी माशी. वाऱ्यानं हलणारं कमळाचं पान. तलवारीनं एकामागून एक तीन गोल काढायचे, त्याला त्या 'चांद के तीन कंगन' म्हणाल्या. आत्याबाई तत्काळ म्हणाल्या, "चंद्राला खळं." सात ताऱ्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी सप्तर्षी ओळखले. काळा अजगर शेपूट मारतो, ह्यावर मात्र त्यांचा आक्षेप होता. अजगर शेपूट मारत नाही, त्यांनी माहेरच्या शेतात स्वतः पाहिला होता. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चीन का मारता."

ह्या प्रकाराला तायची म्हणतात हे मला फार उशिरा समजलं. काकू एक शब्द सांगायच्या, पण आमच्या जिभेला तो कधी वळला नाही. आम्ही आपलं 'तलवार' म्हणायचो. "तलवारीला जाऊन येते," असं मी म्हणायची आणि आत्याबाई म्हणायच्या, "जा, पर ताक घुसळायचंय."

बहुधा ह्या बोलण्यामुळंच तो प्रकार झाला. गल्लीतून कुणीतरी कचेरीपर्यंत बातमी पोचवली, की चिनीणबाई तलवार चालवायला शिकवते. संस्थान गेलं तेव्हाची धामधूम लोक विसरले नव्हते. हत्याराचं नाव निघालं की चौकशी ठरलेली. पावसाळा सरत आला होता तेव्हा एके सकाळी पोलीस जमादार सायकलवरून आले. अंगानं आडवे, मिशा पिळलेल्या, उन्हानं तांबारलेले. डॉक्टर फिरतीवर होता. हे कोर्टात गेले होते. काकूंच्या अंगणात मी आणि काकू, भिंतीपलीकडं आत्याबाई.

"तलवार आहे म्हणतात घरात," जमादार म्हणाले.

काकूंचा चेहरा कागदासारखा झाला. इतक्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या आत गेल्या, तलवार घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. मला तेव्हा समजलं, की ती परत मिळेल असं त्यांना वाटतच नाहीये.

तोवर आत्याबाई गल्लीतून वळसा घालून अंगणात पोचल्या होत्या. गुडघ्याचं दुखणं कुठं ठेवून आल्या होत्या देव जाणे. "जमादारसाहेब, आधी बसा," त्या म्हणाल्या. "धार बघा तिची."

जमादारांनी धारेवर अंगठा फिरवला. काही झालं नाही. दुसरी बाजू पाहिली.

"अंगठ्यानं काय कळतंय," म्हणत आत्याबाईंनी मला आमच्या घरातून वांगं आणायला पाठवलं. मी मोठं भरताचं वांगं आणलं. ते ओट्यावर ठेवलं. जमादारांनी तलवार उगारून वांग्यावर मारली. वांगं चेपलं, सालीला चीर पडली आणि ते घरंगळत माझ्या पायाशी आलं. त्यांनी ते पुन्हा ठेवून पुन्हा मारलं. ह्या खेपेला देठ वाकला.

"हिनं वांगं बी कापंना," आत्याबाई म्हणाल्या. "माणूस काय कापायचाय?"

जमादार हसले नाहीत, पण मिशीवरून हात फिरवला. "मग ही ठेवायची कशाला? उपयोग काय हिचा?"

"वखद हाय ते. माझ्या सुनेचा हात मोडला होता. ह्या तलवारीनं बरा झाला."

"तलवारीनं हात बरा होतो?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "जा पोरी, साहेबांना भाकर करून दाव."

मनगट आता बरंच वळत होतं, पण मी परातीला पुन्हा हात लावला नव्हता. धीरच होत नव्हता. आता मात्र काकूंकडं पाहिलं आणि नाही म्हणता आलं नाही. आमच्या घरी आलो. आत्याबाईंनी चूल फुंकली, ते चेपलेलं वांगं विस्तवात सरकवलं. जमादार ओसरीवर बसले, काकू दाराशी उभ्या. मी पीठ मळलं, गोळा परातीत ठेवला आणि थापायला लागले.

पहिल्या दोन थापांना कड एका बाजूला जाड राहिली. मग काकूंचा आवाज कानात आल्यासारखं झालं, का त्या खरंच पुटपुटल्या, सांगता येणार नाही. मी घाई सोडली. खांदा खाली सोडला, भार बैठकीत गेला, आणि मनगट आपलं आपण फिरायला लागलं. भाकरी गोल वाढत गेली. कडेपर्यंत सारखी पातळ. मी ती उचलली, तळहातावर आली, तव्यावर सोडली, फाटली नाही. पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर धरली तेव्हा टम्म फुगली.

आत्याबाईंनी भाजलेलं वांगं सोलून त्यात तिखट, मीठ, कांदा आणि कच्चं तेल घातलं आणि ताट जमादारांपुढं सरकवलं. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. हात धुऊन उठले आणि सायकलजवळ जाऊन म्हणाले, "कचेरीत विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, शोभेची हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आन् वांग्याचं सांगा. साक्षीला तुमीच होता."

पुन्हा कुणी चौकशीला आलं नाही. जमादार गेल्यावर काकू आमच्या ओसरीवर बसल्या आणि गुडघ्यांत डोकं घालून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. आत्याबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी उरलेल्या पिठाच्या भाकरी करत होते. त्या दिवशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त भाकरी झाल्या, गाईलासुद्धा घातल्या.

संध्याकाळी हे जेवायला बसले. पहिला घास घेतला, भाकरीकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. "आज भाकरी तू केलीस," एवढंच म्हणाले. पण त्यानंतर कधीमधी सकाळी ते दात घासत भिंतीशी रेंगाळायचे आणि कोर्टाला उशीर करायचे.

थोड्याच दिवसांत खांडेनवमी आली. आमच्या सासऱ्यांचा एक खांडा होता, तो पोलीस ॲक्शननंतर सगळ्यांबरोबर सरकारजमा केलेला. तेव्हापासून पूजेला विळी, खुरपं आणि ह्यांचा लिहायचा टाक एवढंच मांडलं जायचं. त्या वर्षी आत्याबाई स्वतः काकूंकडं गेल्या आणि तलवार मागितली. काकूंनी ती आणून पाटावर ठेवली. आत्याबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि काकूंनाही कुंकू लावलं. मग गल्लीतल्या ज्या बायका वाण्याच्या दुकानापर्यंत बेडकांच्या गोष्टी सांगत जायच्या, त्यांना अंगणात बसवून आम्हा दोघींना तलवार करून दाखवायला लावली. काकूंच्या हातात तलवार, माझ्या हातात कामटी. मी दोनदा चुकले, पण सावकाश चुकले, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

शेवटी आत्याबाई पाटावरून उठल्या. पदर खोचला. म्हणाल्या, "मला बी दावा. पहिलं, ते पाणी वतायचं." काकूंनी त्यांना उभं केलं. त्या उजव्या पायावर भार देऊन थांबल्या, गुडघा कुरकुरला तो आम्हाला ऐकू आला, आणि मग त्यांनी भार सावकाश डाव्या पायावर नेला. त्या हिवाळ्यात त्या रोज यायला लागल्या. तलवार त्यांनी कधी धरली नाही, म्हणायच्या, मला कुठं लढायचंय. पण पुढच्या वर्षी चुलीपुढून उठताना त्या भिंतीला हात लावत नव्हत्या.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, कोर्टात मराठी आली, ह्यांची इंग्रजीतून सुटका झाली. मला दोन मुली झाल्या. त्या पोटात असतानाही मी सकाळी पलीकडं जात असे, फक्त काकू मला एका पायावर उभं राहू द्यायच्या नाहीत. मग एके वर्षी डॉक्टरांनी ठरवलं की कलकत्त्याला दिलेल्या मुलीजवळ जाऊन राहायचं. आता वय झालं, बाजार करत फिरणं होत नाही म्हणाले.

जायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांची एक दाढ कितीतरी दिवस हलत होती आणि त्या डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या. त्या दिवशी स्वतःच पलीकडं गेल्या, बांधलेल्या सामानातून पेटी सोडायला लावली आणि दाढ काढून घेतली. "असा शेजारचा डॉक्टर पुन्हा कुठं मिळायचा?" असं मला म्हणाल्या.

त्यामुळं झालं काय, की दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो तेव्हा आत्याबाईंच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि गाल सुजलेला. बोलता येईना. काकू डब्याच्या दाराशी उभ्या होत्या, आत्याबाई फलाटावर. मी शिदोरीचं गाठोडं दिलं, नमस्कार केला. काकूंनी माझं मनगट धरलं, एकदा फिरवून पाहिलं आणि सोडलं. आत्याबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, डॉक्टरांनी खिडकीतून बोट दाखवून बंद करायला लावलं. दोघी मग नुसत्या एकमेकींकडं पाहत राहिल्या आणि एकाएकी हसू लागल्या. गाडी हलली तरी हसतच होत्या.

टांग्यातून आम्ही घरी आलो. आत्याबाईंनी कापूस काढून टाकला, चूळ भरली, ओसरीवर बसल्या आणि काकूंना सांगायचं राहिलेलं सगळं मला सांगायला लागल्या. दिवेलागण झाली तरी ते संपलं नव्हतं.